कानसेनकाकांवरचा आळ

१

जागेच्या मालकाने बंडलाचा रबर काढला, अंगठा ओला केला आणि मोजायला सुरुवात केली. वरच्या दोन-चार नोटा सरकल्या आणि अंगठा थांबला.

"हे काय?" त्याने विचारलं.

नोटांखाली नोटा नव्हत्या, नोटेच्या मापाचे कागद होते. दुसरं बंडल उघडलं, तिसरं उघडलं. काही धड होती, बरीचशी पोकळ. वर नोटा, खाली नोटा आणि पोटात रद्दी.

कुलूप-किल्ल्यांचं ते दुकान दोन पिढ्या भाड्याच्या जागेत चाललं होतं. आता मालकाने जागा विकायला काढली होती आणि जुने भाडेकरू म्हणून आधी या दोघा भावांना विचारलं होतं. इसाराचे पैसे भावांनी पोटाला चिमटा काढून दुकानातल्याच तिजोरीत साठवले होते आणि आज ते द्यायचे होते. मालक खुर्चीवरून उठला. "तुमचं घरचं काय ते मिटवा आधी," असं म्हणून तो चालता झाला.

थोरल्याच्या बायकोला घरीदारी सगळे वहिनीच म्हणत. ती तोंडाची फटकळ, आणि त्या क्षणी तिने जीभ आवरायला हवी होती. पण ती बोललीच. "ही तिजोरी उघडू शकणारी माणसं तीन. त्यातली दोन घरची."

तिसरे म्हणजे कानसेनकाका. भावांच्या वडिलांच्या वेळेपासूनचे कारागीर. कुलूप कितीही अडेलतट्टू असो, काका त्याला कान लावत, आतला खटका ऐकत आणि उघडत, म्हणून हे नाव पडलं होतं. खरं नाव विचारलं असतं तर भावांनाही क्षणभर डोकं खाजवावं लागलं असतं. सगळ्यांच्या नजरा त्यांच्याकडे वळल्या. दोघा भावांपैकी एकाच्याही तोंडून शब्द फुटला नाही. काकांनी आधी थोरल्याकडे पाहिलं, मग धाकट्याकडे. "मी घेतले नाहीत," एवढंच म्हणाले. अंगावरचा एप्रन काढून खुंटीला लावला आणि पायऱ्या उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते घरात कोसळले. अर्धं अंग गेलं आणि वाचाही गेली.

पुढच्या आठवड्यात काकांची मुलगी भावांच्या मावशीच्या दारात उभी राहिली. तिचे डोळे सुजलेले होते, पण आवाज कोरडा होता.

"मावशी, बाबांना बोलता येत नाही, पण ऐकू सगळं येतंय. डॉक्टरांनी हात टेकलेत. त्यांना चोर म्हणून जाऊ देऊ नका. ज्याने घेतले त्याचं नाव त्यांच्या कानावर पडू दे, मग काय व्हायचं ते होऊ दे."

मावशीने पायात चपला सरकवल्या.

२

मावशीचा उभा जन्म बँकेच्या वसुली खात्यात गेला होता. तिचा फोन आला की भल्याभल्यांना घाम फुटायचा. घरात मात्र तिला साधं बरणीचं झाकण उघडत नसे. निवृत्तीनंतर वसूल करायला काही उरलं नाही म्हणून ती भाजीवाल्याकडून सुटे वसूल करायची, असं धाकटा भाचा तिला चिडवत असे. आज तो चिडवायच्या मनःस्थितीत नव्हता. शटर अर्धं ओढून तो कानशीने एक किल्ली घासत बसला होता. ती किल्ली केव्हाच तयार झाली आहे, हे मावशीलासुद्धा कळत होतं.

"तिजोरी दाखव," ती म्हणाली.

तिजोरीच्या कुलपावर ओरखडासुद्धा नव्हता. "काका तारेने उघडायचे ना?" मावशीने विचारलं. "मग आत खुणा राहतात?"

"बारीक राहतात. भिंगाखाली दिसतात," धाकटा म्हणाला.

"तू भिंग लावून पाहिलंस?"

धाकटा पुन्हा किल्ली घासू लागला. म्हणजे पाहिलं होतं. मावशीने भिंग मागून घेतलं आणि स्वतः वाकून पाहिलं. आत सगळं स्वच्छ होतं. तिजोरी किल्लीनेच उघडली होती, आणि किल्ल्या दोनच होत्या. एक थोरल्याच्या कमरेला आणि एक धाकट्याच्या गळ्यात.

मग तिने पोकळ बंडलं समोर पसरली आणि कागद हातात घेऊन पाहत बसली. चोर नोटा उचलतो आणि पळतो, रद्दी कापून भरत बसत नाही. रद्दी कोण भरतं? ज्याला उद्या-परवा पैसे परत ठेवायचे आहेत आणि तोवर कुणाला कळू द्यायचं नाही, तो. म्हणजे माणूस इथलाच आणि मनाने चोर नसलेला.

आणखी एक गोष्ट होती. निम्म्या बंडलांत वर्तमानपत्राचे कागद होते, कात्रीने कापलेले, कडा अगदी सरळ. बाकीच्यांत कुलपांच्या कंपनीच्या दरपत्रकाची गुळगुळीत पानं होती, पट्टी लावून फाडलेली, कडा दंतुर. एकाही बंडलात दोन्ही कागद एकत्र नव्हते.

हे एका माणसाचं काम नव्हतं.

३

थोरला दुकानावरच्या राहत्या घरात, खोलीत बसला होता. घरातला हा शांत माणूस, नीटनेटका, सदऱ्याची वरची गुंडीसुद्धा न सोडणारा. आठवड्यात त्याचे गाल बसले होते.

"काकांनी घेतले असं तुला वाटतं का रे?" मावशीने सरळच विचारलं.

"नाही."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीस?"

तेवढ्यात थोरल्याचा फोन वाजला. नंबर पाहून त्याचा चेहरा उतरला. "गिऱ्हाईक आहे," असं म्हणत तो गॅलरीत गेला आणि दार ओढून घेतलं. दारातून मावशीला सगळे शब्द ऐकू येत नव्हते, सूर मात्र येत होता. हो, हो, उद्या, नक्की, तेवढी कृपा करा.

हा सूर मावशीने झोपेतही ओळखला असता. उभा जन्म तारेच्या दुसऱ्या टोकाला बसून तिने तो ऐकला होता. गिऱ्हाइकाशी असं कुणी बोलत नाही. ज्याच्या गळ्याला फास लागलाय, तो देणेकरी असं बोलतो.

स्वयंपाकघरात वहिनी भांडी घासत होती. घासून झालेलीच पुन्हा घासत होती. "हे झोपत नाहीत, मावशी. विचारलं की म्हणतात, तू लक्ष घालू नकोस," ती म्हणाली. मग नळ बंद करून तिने ओले हात तसेच पोटाशी धरले. "मी ते बोलले तेव्हा मला खरंच वाटलं होतं. काकांनी एकदा जरी आवाज चढवला असता ना, मी तिथेच माफी मागितली असती."

"त्यांनी का नाही चढवला, तेच तर कळत नाही," मावशी म्हणाली.

खाली धाकट्याला तिने काही विचारायच्या आतच त्याचा फोन वाजला. तो उठून पाठीमागच्या अंगणात गेला आणि पाठ करून उभा राहिला. तोच सूर, तीच उद्याची भीक. मावशीने त्याच्या कामाच्या टेबलावर हात ठेवला. त्यावर पितळेचा पिवळा कीस नेहमीसारखाच पसरला होता, पण त्यात करड्या रंगाची मऊ भुकटीही होती. ती धातूची नव्हती. टेबलाखालचा डबा तिने उपडा केला. किसाबरोबर दुकानातून मिळणारी व्हाउचर कार्डं बाहेर पडली. प्रत्येकाच्या मागची करडी पट्टी खरवडलेली होती आणि खालचा आकडा उघडा पडला होता.

वहिनीला हाक मारून तिने थोरल्याच्या कोटाचे खिसे पाहायला सांगितले. वहिनी खाली आली तेव्हा तिच्या ओंजळीत तसलीच कार्डं होती.

४

मावशीने शटर पूर्ण खाली ओढलं आणि दोघा भावांना समोरासमोर बसवलं. वहिनी जिन्याच्या पायरीवर टेकली.

"पैसे काकांनी घेतले नाहीत," मावशी म्हणाली. "तुम्ही घेतलेत. वर्तमानपत्र कापणारा थोरला, दरपत्रक फाडणारा धाकटा. कात्रीने इतकं सरळ कापणारा या घरात एकच आहे, आणि कात्री शोधायचा कंटाळा असणाराही एकच."

दोघांच्या माना खाली गेल्या. एकानेही नाही म्हटलं नाही. पण दोघांनी दचकून एकमेकांकडे पाहिलं. तूसुद्धा?

"कर्ज फेडायला घेतलेत ना?"

थोरल्याने मान हलवली, धाकट्यानेही.

"कुणाचं कर्ज?"

"ते मला सांगता येणार नाही," थोरला म्हणाला. "एका माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे."

"माझंही तेच," धाकटा कसाबसा म्हणाला.

मावशीने त्या दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "नाव घेऊ नका मग. कर्ज ज्याचं आहे, त्याच्याकडे बोट करा. दोघांनी एकदम."

थोरल्याने धाकट्याकडे बोट केलं आणि धाकट्याने थोरल्याकडे.

५

"माझं?" धाकटा ओरडला. "दादा, मी एक पै कुणाकडून घेतलेली नाही!"

"मग मी तरी कुठे घेतलीय!"

यापुढचं सगळं अडखळत, एकमेकांचं तोडत बाहेर आलं. थोरल्याला फोन आला होता की तुमच्या धाकट्या भावाने कर्ज काढून बुडवलंय आणि हमीला तुमचं नाव दिलंय. आज भरलं नाही तर संध्याकाळी पोलीस दुकानात. भावाला विचारू नका. तो कालच आम्हाला रडून म्हणाला, घरी कळलं तर जिवाचं बरंवाईट करीन. धाकट्याला आलेला फोनही शब्द न् शब्द हाच होता, फक्त भाऊ बदलला होता. दोघांनीही दुसऱ्याचा जीव वाचवायला तिजोरी उघडली, कार्डं विकत आणली आणि त्यांचे आकडे फोनवर वाचून दाखवले; आकडा कळला की कार्डातले पैसे पलीकडच्याचे.

"अरे, एकदा विचारायचं होतं एकमेकांना!" वहिनी पायरीवरून म्हणाली.

दुसऱ्या कुठल्याही घरात कुणीतरी विचारलं असतं. इथे नाही. धंद्याचा पहिला धडा वडिलांनी या पोरांना मिसरूड फुटायच्या आधी दिला होता. लोकांची तिजोरी उघडून द्यायची आणि तोंड फिरवायचं, आत काय आहे ते बघायचं नाही. गावभर नाव झालं ते या सवयीवर. पोरं ती सवय घरी घेऊन आली आणि जेवणाच्या ताटावरसुद्धा पाळू लागली. एकाने दुसऱ्याला कधी विचारलं नाही, तुझं बरं चाललंय का? त्यांना तो सभ्यपणा वाटत होता.

धाकट्याचा फोन पुन्हा वाजला. मावशीने तो काढून घेतला आणि स्पीकर लावला.

"काय साहेब, भावाचं काय ठरलं? गाडी निघालीय हं," एक गुळगुळीत आवाज म्हणाला.

"मी त्यांची मावशी. कर्ज कुणी काढलं, कधी काढलं, कुठल्या शाखेतून?"

"बाई, तुम्ही मधे पडू नका. पोलीस येतायत."

"येऊ देत, चहा टाकते. तोवर तुमच्या कंपनीचं नाव आणि पत्ता सांगा. मी नंबर शोधून स्वतः तिथे फोन लावते. आणि नोटीस लेखी पाठवा."

पलीकडून एक घाणेरडी शिवी आली आणि फोन बंद झाला.

"पाहिलंत?" मावशी म्हणाली. "मी जन्मभर वसुली केली. मी कठोर होते, लोक मला शिव्या घालायचे. पण एकाचं कर्ज मी दुसऱ्याच्या कानात कधी सांगितलं नाही. कागद दाखवल्याशिवाय पैसे मागितले नाहीत. आणि कर्जाचा हप्ता कुणी दुकानातल्या कार्डांनी घेतं का रे? 'आत्ताच्या आत्ता' आणि 'कुणाला सांगू नका', ही दोन वाक्यं एका दमात आली ना, की फोन ठेवायचा. ठेवायचा आणि घरातल्या माणसाला हाक मारायची. बस्स. एवढंच करायचं होतं तुम्हाला!"

"पण आमची नावं, आमचे नंबर?" थोरल्याने विचारलं.

मावशीने बाहेरच्या पाटीच्या दिशेने हात केला. दुकानाचं नाव, 'बंधू' हा शब्द आणि खाली सगळे नंबर. हे वाचायला हेर लागत नाही.

थोरल्याने चेहरा हातांत लपवला. "काकांना कळलं होतं. त्या दिवशी आमच्याकडे पाहिलं ना त्यांनी, तेव्हाच कळलं होतं. मला वाटलं, मी तोंड उघडलं तर धाकटा जाईल. म्हणून मी त्यांना जाऊ दिलं."

"मीही," धाकटा म्हणाला.

पैसे गेले होते. जागाही गेली होती, मालकाने कालच दुसऱ्याकडून इसार घेतला होता. पण एक गोष्ट अजून हातात आहे असं मावशीला वाटत होतं. "उठा," ती म्हणाली. "ते ऐकू शकतायत तोवर चला."

६

वॉर्डाच्या टोकाला, खिडकीपाशी काकांची खाट होती. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, पण डोळे जागे होते. मुलगी नव्हती. औषधांचे पैसे काढायला बँकेत गेलीय, असं नर्स म्हणाली.

थोरला खाटेशी गुडघ्यांवर बसला आणि काकांचा बरा हात धरून लहान मुलासारखा रडू लागला. वहिनीने पायांवर डोकं टेकवलं. मावशी मात्र उभीच राहिली. तिला हे नीट सांगायचं होतं, एकही दुवा न सोडता. स्वच्छ कुलूप, दोन तऱ्हेचे कागद, कार्डं आणि समोरासमोर केलेली दोन बोटं, असं सगळं तिने त्यांच्या कानाशी वाकून सावकाश सांगितलं.

"तुम्ही चोर नाही, काका, आणि पोरंही चोर नाहीत. कुणाचं काही कर्ज नव्हतंच. थोरल्याचं नव्हतं, धाकट्याचंही नव्हतं. सगळा बनाव होता. त्या लुच्च्यांना गेला तो पैसा फुकट गेला, कुणाचाही जीव त्याने वाचला नाही, कारण जीव धोक्यात नव्हताच. कळलं ना?"

काकांचे डोळे तिच्यावर खिळले. त्यांच्या घशातून एक आवाज आला. मावशीला वाटलं, सुटकेचा असेल. पण तो आवाज थांबेना. बऱ्या हाताची बोटं थोरल्याच्या हातातून सुटली आणि चादर ओढू लागली.

मुलगी आत आली. तिच्या हातात काकांचा फोन होता.

"बाबांच्या खात्यात काहीच नाही," ती म्हणाली. कुणाला उद्देशून ते कळत नव्हतं. "सगळं गेलंय, थोडं थोडं करून. आणि बँकेतच हा फोन वाजला. कुणी माणूस म्हणाला, तुमच्या दोन्ही मालकांचा हप्ता राहिलाय, काकांना सांगा, नाहीतर पोरं तुरुंगात जातील."

पाटीवर तिसरा नंबर काकांचा होता. मावशीने तो पाहिला होता, आणि त्याचा विचारच केला नव्हता.

"आळ आला त्या संध्याकाळी घरी आले तेव्हा हसत होते हो," मुलगी म्हणाली. "मला म्हणाले, चोर म्हटलं तर म्हटलं, पोरं वाचली. मला काही उमगलं नाही. आत्ता बँकेत उभी असताना उमगलं. त्यांना वाटत होतं, तुम्ही तिजोरीत हात घातलात तो कर्जापायी, आणि उरलेलं आपण भरलं. त्यावरच तर तग धरून होते ते." तिने खाटेकडे पाहिलं. काकांच्या डोळ्यांतून पाणी कानांत उतरत होतं. "काय सांगितलंत तुम्ही त्यांना?"

थोरल्याने मान वर केली. त्याला आधी कळलं. "मावशी," तो कुजबुजला, "परत घे. काहीही सांग, पण परत घे."

मावशी खाली बसली. जन्मभर तिने लोकांना, कर्ज आहे, ते नाकारू नका, असं ठणकावून सांगितलं होतं. आता तिने काकांचा हात दोन्ही हातांत घेतला.

"काका, चुकलं माझं," ती म्हणाली. "कर्ज होतं. दोघांचंही होतं. तुम्ही भरलंत म्हणून सुटले ते. ऐकताय ना? तुम्ही वाचवलंत त्यांना."

"हो काका," धाकटा म्हणाला. "होतं कर्ज."

काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग धाकट्याकडे आणि पुन्हा तिच्याकडे. मावशीने नजर ढळू दिली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच ती खोटं कर्ज खरं ठरवू पाहत होती आणि जीव तोडून बोलत होती. पण थोड्याच वेळापूर्वी तिने एकेक दुवा इतका नीट पटवून दिला होता की आता तो मोडणं तिच्याही हातात राहिलं नव्हतं. काकांनी हळूच डोळे मिटले. तिच्या बोलण्यावर त्यांचा विश्वास बसला नव्हता.